नोलाच्या दारची पायरी

बुधवारी सकाळी साडेदहाला महिला मंडळाच्या हॉलमध्ये नरेल टोंकिनचं भाषण होतं, आणि ती सहा वाजल्यापासून बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून ते घोकत होती. विषय होता ‘माझ्या व्यवसायाचं पहिलं वर्ष’. खरं तर त्या दिवशी गुलाबांची छाटणी शिकवायला एक बाई येणार होत्या. त्यांचा पाय मुरगळला म्हणून मंडळाची अध्यक्ष वर्ना हिने ऐनवेळी नरेलला फोन केला. म्हणजे नरेल ही गुलाबांच्या बदल्यात आलेली. पण हे ती फोन ठेवता ठेवताच विसरली. गैरसोयीचं तेवढं नेमकं विसरण्याची देणगी तिला जन्मापासून आहे.

भाषण चांगलं बसलं होतं. वर्षभरात केलेली अकरा घरं, त्यांचे आधीचे फोटो, नंतरचे फोटो, मध्ये दोन विनोद. एकच गोष्ट कमी होती. नरेलची आई नोला हिने या सबंध वर्षात लेकीच्या कामाबद्दल चांगला म्हणून एक शब्द काढला नव्हता. आणि हा सगळा धंदा ज्या घरापासून सुरू झाला ते घर होतं नोलाचंच.

आज तो शब्द काढून घ्यायचाच, असं नरेलने ठरवलं होतं. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात फोन करून तिने आईला बसमधून हॉलवर आणायची व्यवस्था केली होती. दोघीच असलो की आई काहीही बोलते. चारचौघींसमोर विचारलं तर तिला दोन बरे शब्द बोलावेच लागतील, असा तिचा अंदाज होता.

नरेलने बावीस वर्षं आमच्या बरूक गावच्या दातांच्या डॉक्टरकडे खिडकीमागे बसून, येणाऱ्या प्रत्येकाला ‘अजिबात दुखणार नाही हं’ असं सांगण्यात घालवली. डॉक्टर निवृत्त होऊन समुद्रकाठी राहायला गेले आणि चोपन्नाव्या वर्षी नरेलच्या लक्षात आलं, की आपल्याकडे दृष्टी आहे. हा शब्द तिचाच. सहा आठवड्यांचा कोर्स तिने कॉम्प्युटरवर केला, गाडीच्या दारावर ‘व्हाइट गम – घराला नवा जन्म’ असं, इथल्या पांढऱ्या खोडाच्या निलगिरीचं नाव देऊन, रंगवून घेतलं आणि लोकांच्या घरांत शिरायला सुरुवात केली. दृष्टी म्हणजे काय, तर सगळं पांढरं. भिंती पांढऱ्या, सोफा पांढरा, टेबलावर पांढऱ्या वाडग्यात पांढरे दगड. गव्हाच्या शेतांच्या मधोमध वसलेलं आमचं गाव. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की चहाच्या कपातसुद्धा लाल धूळ तरंगते. अशा गावात तिने दहा बायकांना पांढरे सोफे घ्यायला लावले. त्यांतल्या नऊजणींनी त्यांवर जुन्या चादरी टाकल्या आहेत आणि नरेलची गाडी दारात दिसली की त्या धावत जाऊन चादरी ओढून काढतात.

नोला अगदी वेगळी. एक्याऐंशी वर्षांची, काटक, तोंडाची तिखट. नवरा गेल्यावर एकटी राहायची आणि स्वतः गाडी चालवायची. आमच्याकडे गाडी चालवता येणं म्हणजे जिवंत असणं. डॉक्टर, दुकान, कबरस्तान, सगळं लांब. गाडीच्या किल्ल्या गेल्या की माणूस संपला. नोला रोज गावात यायची, तीसच्या वेगाने, मान जरा वाकडी करून, रस्त्याच्या मधोमध. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायची इथे रीत आहे. जो उचलत नाही तो एक तर शहरातला असतो, नाहीतर तुमच्यावर रुसलेला. शेवटची पाच-सहा वर्षं नोला प्रत्येकालाच बोट उचलायला लागली. ज्यांच्याशी वीस वर्षांचा अबोला होता त्यांना उचललं. उभ्या ट्रकला उचललं. एकदा तर टपालपेटीला बोट उचलताना वर्नाने तिला पाहिलं. म्हातारपणी नोलाला प्रेमाचं भरतं आलंय, असं म्हणत आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये नोलाचं पित्ताशय काढायचं ठरलं. ऑपरेशन बॅलरॅट शहरात. नंतर काही दिवस तिथेच बहिणीकडे विश्रांती. एकूण सोळा दिवस घर रिकामं. आणि नेमका त्याच दिवसांत जड सामानाचा आठवडा आला. वर्षातून एकदा नगरपालिकेची गाडी येते आणि लोक नको असलेलं सामान घरासमोरच्या हिरवळीच्या पट्टीवर मांडून ठेवतात. गाडी यायच्या आधी गाव फिरून घेतं. कुणाच्या दारात काय निघालं ते पाहतं, आवडलं तर उचलून नेतं. त्यात कुणी लाज मानत नाही. निम्म्या गावाची कपाटं उरलेल्या निम्म्या गावाकडून आलेली आहेत.

नरेलला हा योग देवाने जुळवून आणल्यासारखा वाटला. टीव्हीवर दाखवतात तसं करायचं. आई परत येईल, डोळे झाकून तिला दारात आणायचं, डोळे उघडायचे, आई रडेल. तीन दिवसांत तिने घर रिकामं करून सगळं दारासमोरच्या पट्टीवर मांडलं. तपकिरी मखमलीची हातांची खुर्ची, हिरवं टेबल, मोठ्या केशरी फुलांचा गालिचा, निळी किटली, दारातल्या पायरीवरचं लाल पायपुसणं. पायपुसणं तर तिने दोन बोटांत धरून नेलं. मग रंगारी आले. अंगणातली वाट, पायरी, व्हरांडा, दार, भिंती, सगळ्यांना एकाच डब्यातला रंग.

पण त्याच्या आधी तिने फोटो काढले. इथे एक अडचण आली. नोलाचं घर जुनं होतं, पण आरशासारखं स्वच्छ. फोटोत ते चांगलंच दिसत होतं. मग नरेलने दिवे घालवले, पडदे ओढले, कपाटातले कपडे काढून खुर्चीवर फेकले, चार बशांना जॅम फासून त्या टेबलावर ठेवल्या आणि अंथरूण विस्कटलं. आता फोटो मनासारखा आला. आपण काही वाईट करतोय असं तिला वाटलं नाही. कोर्समध्ये तसंच शिकवलं होतं.

नोला परत आली तेव्हा नरेलने तिचे डोळे हाताने झाकून तिला वाटेवरून आणलं आणि व्हरांड्यात हात काढला. “बघ!” नोला दोन पावलं पुढे झाली. हात पुढे करून तिने भिंतीला लावला. मग म्हणाली, “रंगाचा वास बरा आहे.”

बस्स, एवढंच. नरेलच्या डोळ्यांत पाणी आलं. नवव्या दिवशी नोला दारातल्या पायरीवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. “चक्कर आली असेल,” नरेल सगळ्यांना सांगायची. “आता एकटीने राहायचं वय आहे का? पण आमची ऐकेल तर शपथ.” हॉस्पिटलमधून नोला परस्पर टेकडीवर गेली. गाडी विकली गेली. घर मात्र विकलं नाही. ते नरेलच्या कामी आलं. गिऱ्हाईक आलं की त्याला तिथे न्यायचं, चावी फिरवायची आणि म्हणायचं, “हे माझं पहिलं काम.” आई घरी कधी यायची, असं कुणी विचारलं तर नरेल म्हणायची, हिवाळा सरू दे. मनात मात्र त्या पांढऱ्या दिवाणखान्यात आईचा चालायचा वॉकर आणि औषधांचा डबा तिला दिसायचा, आणि तिच्या अंगावर काटा यायचा.

दर रविवारी ती वीस मिनिटं टेकडीवर जायची. तिथलं सगळं तिला खुपायचं. दारं निळीभडक, कठड्यांना पिवळ्या पट्ट्या, कमोडची सीट चक्क लाल. “माणसं राहतात की सर्कस आहे?” असं तिने नर्सला तोंडावर विचारलं होतं. आईच्या उशाशी तिने नव्या दिवाणखान्याचा मोठा फोटो फ्रेम करून नेला. नोलाने तो हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “फ्रेम जड आहे.” नरेल गाडीत बसून रडली. आई जळते आपल्यावर, असं तिने त्या दिवशी ठरवून टाकलं.

बुधवारी हॉल भरला होता. चाळीसेक बायका, चहाचं भांडं उकळतंय, लांब टेबलावर स्कोन नावाचे गोडसर पाव, अंड्याची सँडविचं, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक. नोला बसमधून उतरली तशी वर्नाने तिला हाताला धरून पुढच्या रांगेत आणलं.

“इथे बस गं. ही खुर्ची मऊ आहे. प्लास्टिकच्या खुर्चीत तुझं हाड दुखेल.”

नोला बसली. तिने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. उजवा हात पुढे गेला, मागे आला, एका जागी थांबला. तिथे लाकडाला खोलगट खाच होती. तिच्या नवऱ्याने चाळीस वर्षं त्या खाचेवर पाईप आपटून झाडला होता. ती खुर्चीत मागे सरून नीट टेकली.

नरेलने भाषण सुरू केलं. सुरुवात झकास झाली. पहिला विनोद लागला. दहा घरं झाली आणि तिने मुद्दाम शेवटी राखून ठेवलेलं पहिलं घर पडद्यावर आणलं. “आणि हे माझ्या आईचं घर. आधीचं.”

हॉलमध्ये खसखस पिकली. बायकांनी एकमेकींना कोपराने ढोसलं. “ते टेबल माझ्याकडे आहे,” मागून कुणी कुजबुजलं. “किटली मी नेली.” मग आवाज वाढला. “पण बाई, काय ती अवकळा! नोलाचं घर असं होतं?”

“काय झालं हसायला?” नोलाने वर्नाला विचारलं.

“काही नाही गं. तुझं जुनं घर दाखवतेय.”

“त्यात हसण्यासारखं काय आहे?”

वर्ना जरा घुटमळली. “म्हणजे... पसारा आहे ना. खुर्चीवर कपडे. टेबलावर खरकट्या बशा. बघ की समोर.”

“माझ्या टेबलावर?” नोला म्हणाली.

नरेलला ते ऐकू गेलं, पण तिने हसू ढळू दिलं नाही. “आणि हे पाहा, लाल पायपुसणं! दारातच. अगदी कुणाचा तरी खून झाल्यासारखं.” दुसरा विनोदही लागला. मग तिने नंतरचा फोटो आणला आणि हॉलभर ‘आहाहा’ झालं. “आता इथे एक गोष्ट बघा. वाट, पायरी, व्हरांडा, दार. सगळं एकसंध. माझं तत्त्वच आहे, कुठे रेघ दिसता कामा नये. पायरी कुठे सुरू होते ते कळतसुद्धा नाही!”

टाळ्या पडल्या. नरेलचा चेहरा फुलला. ज्या क्षणासाठी ती सहा वाजल्यापासून आरशासमोर उभी होती तो आला होता. ती पुढे आली, आईसमोर वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आई, सांग ना यांना. पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा काय वाटलं?”

नोलाने मान वाकडी केली, गाडी चालवताना करायची तशी. लेकीचा चेहरा डोळ्यांच्या कडेने धरायचा तिने प्रयत्न केला.

“मी अजून पाहिलंच नाही,” ती म्हणाली.

नरेल हसली. “अगं, असं काय करतेस? नऊ दिवस राहिलीस की तिथे.”

“राहिले. पाहिलं नाही. मला मधलं दिसत नाही नरेल. सहा-सात वर्षं झाली. समोर बघितलं की मधोमध राखाडी डाग. कडेकडेचं थोडं दिसतं, तेही रंग गडद असला तर. क्रीम रंगाच्या भिंतीपुढे तपकिरी खुर्ची असली की मला कळायचं, इथे बसायचं. फिक्या लादीवर हिरवं टेबल. लाल पायपुसणं आलं की पाय खाली टाकायचा.” ती थांबली. “परत आले तर घरात काहीच नव्हतं. दुधात उभं केल्यासारखं वाटलं.”

चहाचं भांडं तेवढं खदखदत होतं.

“मग सांगितलं का नाहीस?” नरेलचा आवाज चिरकला. “मला सांगायचं ना!”

“सांगितलं असतं तर तू किल्ल्या काढून घेतल्या असत्यास. डॉक्टरकडेसुद्धा मी परत गेले नाही, लायसन्सवाल्यांना कळवतील म्हणून. म्हटलं, सगळ्यांना बोट उचलत राहिलं की कुणाला कळायचं नाही.”

मागे कुणाच्या तरी हातातून बशी निसटली. टपालपेटीची गोष्ट या हॉलमध्येच आम्ही किती वेळा रंगवून सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी हसलो होतो. वर्ना खाली मान घालून बसली होती.

“आणि टेकडीवर? तिथल्या नर्सला माहीत आहे?”

“पहिल्याच दिवसापासून. घरच्यांना माहीत असेलच, असं तिला वाटलं. तिथे संडासाची सीट लाल आहे. मला ती सापडते.” नोलाने खुर्चीच्या हातावरची खाच पुन्हा चाचपली. “ही खुर्ची कोणी आणली इथे?”

“मी,” वर्ना हळूच म्हणाली. “तुझ्या दारासमोरून. नोला, आम्ही सगळं परत आणू. उद्याच्या उद्या. टेबल, किटली, गालिचा. ते पायपुसणं माझ्या कुत्र्याखाली आहे, पण मी धुऊन देते. तू घरी जा. खरंच जा.”

चाळीस माना नरेलकडे वळल्या. नोलाची नाही वळली. ती नुसती ऐकत होती. तिच्या हाताच्या शिरा खुर्चीवर ताठ झाल्या होत्या, आणि तिने श्वास धरून ठेवला होता हे पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना दिसत होतं. वर्षभरात लेकीकडे तिने काही मागितलं नव्हतं. आताही मागितलं नाही. दुसऱ्या कुणीतरी मागितलं होतं आणि ती उत्तराची वाट बघत होती.

नरेलने तोंड उघडलं. ‘हो’ म्हणायला, असं ती आजही सांगते. पण तिच्या नजरेसमोर पांढऱ्या दिवाणखान्यात कुत्र्याच्या अंगाखालचं लाल पायपुसणं आलं आणि ती म्हणाली, “बघू ना. इतकी घाई काय आहे? हिवाळा तर सरू दे.”

सप्टेंबर संपत आला होता, आणि आमच्याकडे हिवाळा ऑगस्टबरोबरच सरतो. खिडकीबाहेर वॉटलच्या झाडाचा पिवळा बहर येऊन गळूनसुद्धा गेला होता.

“बरं,” नोला म्हणाली आणि उठली. वर्नाने हात पुढे केला, तो तिने घेतला. “खुर्ची इथेच असू दे. बुधवारी येईन मी बसायला.” जाताना ती लेकीच्या अगदी जवळून गेली आणि थांबली. “बशा मी रोज धुवायच्या गं. दिसायच्या नाहीत तरी धुवायच्या. एवढं तरी सांगायचं होतंस यांना.”

स्कोन कुणी खाल्ले नाहीत. बायका एकेक करून आपली ताटं घेऊन निघून गेल्या. नरेलशी कुणी भांडलं नाही, कुणी तिची समजूतही घातली नाही. पडद्यावर पांढरं घर तसंच राहिलं होतं, ते तिनेच बंद केलं.

दोन वाजता होर्शमहून गिऱ्हाईक यायचं होतं. नरेल पावणेदोनलाच आईच्या घरी पोचली. फाटकाशी उभी राहून तिने समोर बघितलं. मग नजर बाजूला, कुंपणावर लावली आणि डोळ्यांच्या कडेने घराकडे बघायचा प्रयत्न केला. वाट, पायरी, व्हरांडा, सगळं एक झालं. दुपारच्या उन्हात तिथे काहीच नव्हतं, नुसता पांढरा झोत होता. तिने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला ती थांबली आणि नीट समोर बघितलं. बूट पायरीपासून टीचभर अंतरावर होता.

ती तिथेच उभी राहिली. आई इथे किती वेळ पडून होती, ते तिने कधी विचारलं नव्हतं. पन्नास मिनिटं. टपालवाल्याने तिला पाहिलं तोवर. हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

मागे गाडीचं दार वाजलं. होर्शमचं जोडपं आलं होतं. बाई साठीच्या आतबाहेरची, उंच टाचांचे बूट घातलेली, हौशी. तिने घराकडे बघितलं आणि दोन्ही हात गालांवर नेले.

“अय्या, किती सुंदर! पायरी कुठे सुरू होते ते कळतसुद्धा नाही!”

नरेल वळली. चेहऱ्यावर ते हसू आलं, दवाखान्याच्या खिडकीमागचं, बावीस वर्षं घोटलेलं.

“तीच तर गंमत आहे,” ती म्हणाली. मग पुढे होऊन तिने त्या परक्या बाईचा हात कोपराशी घट्ट धरला, “सांभाळून हं,” म्हणत तिला पायरी चढवली आणि दुसऱ्या हाताने चावी फिरवली.